शिंगांचा रंग

लोक माझ्याकडे आजही डाग घेऊन येतात. कुणाच्या बॉनेटवर पाखराने घाण केलेली असते, कुणी ओल्या डांबरातून गाडी हाणलेली असते, कुणी आंब्याच्या सावलीला उभी करून चिकाचे थेंब माथी मारून घेतलेले असतात. "काका, सारं करून पाह्यलं, निघतच नाही," म्हणत ते दारात उभे राहतात. मी चहाचा कप खाली ठेवतो आणि आधी नखाने डाग चाचपतो. वर बसलाय की आत उतरलाय, एवढंच पाहायचं असतं. वर बसलेला धीराने निघतो, आत उतरलेल्याच्या मागे लागू नये. माझा मुलगा या सगळ्याला हसतो. त्याची गाडी नागपुरात एका काचेच्या दुकानात जाते. तिथे तिला फेसाने न्हाऊ घालतात, मातीच्या गोळ्यासारखं काहीतरी अंगावरून फिरवतात आणि वर कसलासा लेप देतात. आता म्हणे तिच्यावर डाग बसतच नाही. बरं झालं बापा, सुटली बिचारी. पण ही विद्या मी ज्या डागावर शिकलो त्याची हकीकत त्याला कधी पुरती सांगून झाली नाही. ऐकायला बसतच नाही तो, सारखा किल्ली बोटात फिरवत असतो. त्याच्या वयात माझंही बूड कुठे टेकत नव्हतं म्हणा.

आमचं घर भंडाऱ्याजवळच्या शहापुरात, महामार्गापासून थोडं आत, तलावाच्या पाळीला लागून. पुढे ओसरी, मागे चूल आणि अंगणाच्या एका अंगाला बैलांचा कोठा. घरात आम्ही चौघं, बाबा, माय, धाकटी बहीण कुसुम आणि मी. मायचा आवाज तलावापलीकडे ऐकू जाई आणि बाबांचा आवाज शेजारी बसलेल्यालाही कान देऊन ऐकावा लागे. त्या घराला दोन बाजूंनी दोन नाद होते. तलावाच्या अंगाने बेडकं आणि कोठ्यातली घुंगरं, रस्त्याच्या अंगाने ट्रकांची घरघर. बाबांना पहिला ऐकू यायचा, मला दुसराच. जेवताना लांबवर एखाद्या गाडीने गिअर बदलला की माझा घास हातातच राही. "तोंडात भात घाल रे, गाडी नोको घालू," असं कुसुम म्हणायची आणि माय तिला दटावायच्या नावाखाली हसून घ्यायची. मला हसू यायचं नाही. त्या रस्त्यावरून सगळं जग नागपूरकडे चाललंय आणि मीच तेवढा धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या खात बसलोय, असं वाटून माझा जीव वरखाली व्हायचा.

भंडाऱ्यातल्या एका राइस मिलच्या शेठकडे मी ड्रायव्हर लागलो होतो. आधी धानाच्या पोत्यांचा मेटॅडोर, मग शेठची जुनी जीप. त्या पावसाळ्यात शेठने नवी गाडी घेतली, पांढरीशुभ्र आणि चांगली उंच, बाजूला उभं राहिलं तरी तिचं छत दिसू नये अशी. गाडी होती नागपूरला दिलेल्या मुलीसाठी आणि ती पोहोचवायचं काम माझं. शेठ म्हणाले, "देख देवा, ताईले गाडी पसंत पडली, तू पसंत पडला, तर तिथंच राहाचं. खोली हाये, जेवण हाये. पण गाडीवर एक खरोच जरी दिसली, तर मेटॅडोर आपला हायेच." ते ऐकल्यापासून मला झोप नीट येईना. नागपुरात जाऊन तू काय करशील असं कुणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. मला फक्त जायचं होतं. घरी मात्र मी एवढंच सांगितलं की गाडी पोचवून येतो. बाबा नाही म्हणतील अशी भीती होती, आणि ते नाही म्हणाले तर आपण खरंच थांबू, ही त्याहून मोठी भीती होती.

गाडी पोचवायचा दिवस निघाला नेमका पोळ्याचा. आदल्या दिवशी शेठ म्हणाले की मिलच्या आवारात कोंडा उडतो, नव्या गाडीची कळा जाईल, तर रात्री ती तुझ्या घरी ने, उद्या सणाचं जेव आणि दुपारी मला घ्यायला ये. स्वच्छ राहावी म्हणून गाडी आमच्या घरी आली, ही गंमत त्यातली. आमच्याकडे तिच्यावर छप्पर येईल अशी जागा एकच होती, बैलांचा कोठा. आणि कोठा त्या वर्षी रिकामा होता.

लाल्या आणि बांड्या उन्हाळ्यात विकले होते. विकायचं ठरवलं बाबांनीच. लाल्याचा खूर दुखावला होता, मी गाडीच्या नादी लागलेला, चिखलणीला ट्रॅक्टर मिळत होता. पण घेणारा आला त्या दिवशी बाबा पवनीला नात्यातल्या एका मयतीला गेले होते. घेणारा थांबेना, तेव्हा मायने दावी सोडून त्याच्या हाती दिली. बाबा संध्याकाळी आले, सरळ कोठ्यात गेले, बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "पाय धुतले त्याइचे?" माय म्हणाली, घाईत राहून गेलं. आमच्या घरची रीत होती, दावणीचं जनावर घराबाहेर जायचं तर त्याचे पाय धुवायचे, कपाळाला कुंकू लावायचं आणि धन्याने पाठीवर हात ठेवायचा, मग दावं दुसऱ्याच्या हाती. बाबा भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ते एका जागी बसेनात. पहाटे उठून वैरणीची टोपली भरायचे, कोठ्याच्या दाराशी जायचे आणि तशीच परत आणायचे. रिकामी गव्हाण झाडायचे. धड असलेलं दावं उकलून पुन्हा वळायचे. एका घरात आम्ही दोघं असे येरझारा घालणारे, एकाला जायची घाई आणि दुसऱ्याला गेलेल्यांची ओढ. माय म्हणायची, "तुमाले दोघाइलेही एकाच खुट्याले बांधून ठेवाले पायजे."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. जुवाखाली वर्षभर घासलेल्या खांद्याला तूप आणि हळद चोळायची आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. गल्लीभर हळदीचा आणि तापलेल्या तुपाचा वास सुटला होता. मायनेही सवयीने वाटीत तूप-हळद कालवली आणि मग वाटी हातात धरून नुसती उभी राहिली. बाबांनी ती घेतली आणि ते कोठ्यात गेले. आतून त्यांचा तो लहानसा आवाज आला, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." माय पदराने डोळे पुसत म्हणाली, "गेलेल्या बैलाइले बोलावून राहिला गरीब माणूस." मलाही तसंच वाटलं. कोठ्यात या घडीला कोण उभं आहे हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सकाळी मला कुसुमच्या हसण्याने जाग आली. मग ते हसणं मधेच तुटलं, म्हणून मी उठून पळालो. कोठ्यात गाडी पोळ्याच्या बैलासारखी सजून उभी होती. बॉनेटवर लाल आणि हिरव्या गोल ठशांच्या रांगा, कपाची कड रंगात बुडवून उमटवतात तशा. दोन्ही बाजूंच्या दारांवर तेच. दिव्यांच्या भोवती रंगाचे जाड पट्टे, आरशांना लोकरीचे गोंडे, काचेखाली कुंकू आणि त्यावर तांदळाचे दाणे. पुढची दोन्ही चाकं धुतलेली आणि त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या. बाबा नवं धोतर नेसून कुंचला हातात घेऊन उभे होते, आणि उन्हाळ्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा शांत दिसत होता.

"बाबा, हे काय करून ठेवलं?"

"पोळा हाये आज."

"पण ही गाडी हाये, बैल नोहे!"

"कोठ्यात उभी हाये. घरच्या पोराले पोसते. मंग अजून बैल काय असते?"

"कोणता रंग लावला?"

"शिंगाचा. मागच्या सालचा डबा होता."

शिंगाचा रंग म्हणजे तेलाचा रंग, आम्ही त्याला वार्निसच म्हणत असू. ऊन, पाऊस, चिखल, सगळं सोसून शिंगावर टिकावा म्हणून तर तो लावतात. मी तिथेच मटकन खाली बसलो आणि लगेच उठलो. बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि समजूत घालत म्हणाले, "इतका काहून भेतो? पुढच्या पोळ्यापर्यंत आपोआप निघते तो."

"मले दुपारपर्यंत निघाले पायजे!" मी ओरडलो. बाबांवर मी आवाज चढवला तो तेवढाच एकदा.

मग जे सुरू झालं त्याला डाग काढणं म्हणायचं की गाडीची धिंड काढणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी रॉकेलचा बोळा घेऊन बॉनेटवर तुटून पडलो, तर लाल ठसा निघायच्या ऐवजी पसरला आणि पांढऱ्या रंगावर गुलाबी ढग उठला. जितकं जोरात पुसावं तितका ढग मोठा. तोवर मागच्या बाजूने खरखर ऐकू आली. जाऊन पाहतो तर माय चिंच आणि राख घेऊन मागचं दार घासतेय! पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याकडच्या बाईला पितळ घासायला शिकवावं लागत नाही, पण गाडी पितळेची नसते. "देवाचा गडू लखलखते यानं, तर हे पत्र्याचं डबडं काय हाये?" असं ती म्हणाली आणि मी तिचा हात धरेपर्यंत तिथली चकाकी गेली होती. पोळीच्या आकाराचा एक फिका, मेलेला चट्टा तिथे कायमचा राहिला. बाहेर तलावाकडून न्हालेले बैल परत येऊ लागले होते, घरोघरची घुंगरं वाजत होती, चुलीवर आमचं पुरण करपत होतं आणि आभाळ भरून आलं होतं.

बाबा आत गेले ते जवसाच्या तेलाची वाटी कोमट करून आले. "तेलातला रंग हाये, तेलाच्याच हातानं निघन. रपरप नोको घासू, चोळ." आणि त्यांनी बॉनेटवर तेल टाकून बोटांच्या टोकांनी गोल गोल चोळायला सुरुवात केली, लाल्याचा खांदा चोळायचे तशी. थोड्या वेळाने रंग फुगला, सुटला आणि त्यांच्या बोटांना लागला. मग रॉकेलचा नुसता ओला हात, मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. जिथे फिकट कडं उरलं तिथे कुसुमने पांढरं दंतमंजन आणलं. ते बोटाने हलकं फिरवलं की कडंही जाई. घाई केली की पसरे आणि धीर धरला की निघे. आज कुणी विचारलं तर मी हेच सांगतो, फक्त बाबांचं नाव सांगत नाही.

एका दाराच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला बाबा असे उकिडवे बसून चोळत होतो. बाबांनी वर न पाहता विचारलं, "नागपूरले राहाले जाऊन राहिला नं तू?"

माझा हात थांबला. "कोणं सांगतलं तुमाले?"

"कोणं सांगाले पायजे? तुह्या पेटीच्या कुलुपाले तेल लावलं तू. पोचवून येणारा माणूस कुलुपाले तेल लावत नाही."

"तुमी नाही म्हणाल म्हणून..."

"मी कायले नाही म्हणीन?" त्यांनी बोटांवर आणखी थोडं तेल घेतलं. मग म्हणाले, "लाल्या-बांड्या तसेच गेले. पाय नाही धुतले, हात नाही ठेवला. तुले नेणारी हे गाडी. म्हटलं, हे तरी तशी नाही जाची."

त्या क्षणी मला इतकं रडू आलं की समोरचा ठसा दिसेना. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी रागही आला. हा माणूस मला जायला सांगत होता, आणि त्याच्या त्या सांगण्यानेच माझं जाणं अडलं होतं. पण हात थांबवून चालणार नव्हतं, म्हणून मी चोळतच राहिलो आणि तेही चोळत राहिले. स्वतःच दिलेला निरोप ते माझ्या शेजारी बसून पुसून काढत होते, आणि माझ्यापेक्षा जास्त मन लावून.

शेवटी मी बादल्या भरून आणल्या. बाबा गव्हाणीच्या कडेवर चढले आणि म्हणाले, "वरून मी टाकतो पाणी, तू खालून पुस." त्यांनी छतावरून पाणी सोडलं, मी खालून पुसत गेलो. "वर साफ हाये?" मी विचारलं. "साफ हाये," ते म्हणाले. मायने करपलेला भाग टाकून उरलेल्या पुरणाच्या पोळ्या केल्या, पहिली पोळी बाबांनी गाडीच्या चाकापुढे ठेवायला लावली आणि मी उभ्या उभ्या जेवलो. निघताना वाकून पाया पडलो तेव्हा बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "हाताले राकेल हाये, सदरा खराब होईन तुहा," ते म्हणाले. मी गाडीत बसलो. पाठ उगाच रिकामी रिकामी वाटत होती. मी ते मनावर घेतलं नाही, कारण मला उशीर होत होता.

शेठने नाक लावून गाडी पाहिली. मागच्या चट्ट्यावर त्यांचा अंगठा थांबला. "हे काय बे?" मी म्हणालो, "धुताना घासल्या गेलं, शेठजी." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आता ताईच पाहीन तुह्याकडे," एवढं बोलून मागे बसले आणि लगेच घोरू लागले. शहापूरवरून गाडी गेली तेव्हा तोरणाखाली बैल उभे करण्याची गडबड चालली होती. झुली, गोंडे, रंगवलेली शिंगं. मी त्या गर्दीत एक नवं धोतर शोधलं. दिसलं नाही. नागपूर येईपर्यंत माझा पाय ॲक्सिलरेटरवर सारखा कमीजास्त होत होता आणि मागून शेठ झोपेत कण्हत होते. ताईंनी संध्याकाळी गाडीला ओवाळलं, चट्टा पाहिला आणि म्हणाल्या, "ठीक आहे, उद्या बघू." त्या 'उद्या बघू'ने माझं नशीब अधांतरी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून हाक मारली, "देवा, जरा वर या." मी वर गेलो. त्यांनी खाली बोट दाखवलं. खाली, पांढऱ्या छताच्या मधोमध, शेजारी शेजारी दोन लाल हात उमटलेले होते, बोटं फाकलेली, तळवे पूर्ण टेकलेले, कोणी पाठीवर हात ठेवावेत तसे. डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. बाबांची अर्धी करंगळी मी लहान असताना धान कापताना विळ्याने गेली होती. गव्हाणीच्या कडेवर उभा राहून "साफ हाये" म्हणणारा माणूस मला दिसला.

"हे काय आहे?" ताईंनी विचारलं.

"हात आहेत, ताई."

"ते दिसतंय मला. कोणाचे?"

"माझ्या बाबांचे. काल पोळा होता."

वाईट नव्हत्या ताई, पुढे फार वर्षं मी त्यांच्याकडे काम केलं. "काढून टाका," त्या म्हणाल्या, "इथे वरून सगळ्यांना दिसतं. आणि मग तुमची खोली झाडून घ्या." म्हणजे मी राहिलो होतो. ज्यासाठी इतके दिवस जीव टांगणीला लागला होता ते झालं होतं, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी घरी पळून जावंसं वाटलं.

मी स्टूल घेतलं, स्वयंपाकघरातून तेल आणि रॉकेल मागून घेतलं. उजवा हात आधी घेतला. बाबांच्या सांगण्याप्रमाणे न रपरप घासता गोल गोल चोळला. रंग फुगला, सुटला, माझ्या बोटांना लागला, साबणाच्या पाण्याने छत पांढरं झालं. मग मी डाव्या हाताकडे वळलो. बोळा भिजवला. भिजवलेला बोळा तसाच स्टुलावर ठेवला आणि माझा पंजा त्या ठशावर टेकवून पाहिला. माझी बोटं बाहेर येत होती. बाबांचा हात इतका लहान आहे हे मला माहीत नव्हतं. पाठीवर पडला की तो नेहमी मोठा वाटायचा.

मी खाली उतरलो, वर गॅलरीकडे पाहून म्हणालो, "ताई, एक निघाला. दुसरा निघत नाही."

"प्रयत्न केला नीट?"

"केला."

"मग राहू द्या. जाईल हळूहळू."

दिवाळीला मी घरी गेलो. धान पिवळं झालं होतं आणि बाबा ओसरीवर बसून भारे बांधायला अंबाडीचा दोर वळत होते. बसून, हे मी मुद्दाम लिहितो आहे. नागपूर कसं आहे, ताई कशा आहेत, जेवण मिळतं का, हे सगळं मायने विचारून घेतलं. माय चहा ठेवायला आत गेली तेव्हा बाबांनी दोराला एक पीळ दिला आणि त्या लहानशा आवाजात विचारलं, "निघाले का सारे डाग?"

"एक नाही निघाला, बाबा. डावा."

त्यांनी दोर वळता वळता माझ्याकडे पाहिलं. "घासला होता?"

"नाही," मी म्हणालो.